आडवी करायची स्कूटर

मोठ्या मोटारसायकलींचं कौतुक मला सांगू नका. मी आणि माझी धाकटी जाऊ वैशाली हिमाचलात स्पितीला स्कूटरवर गेलो होतो. कर्वेनगरात भाजी आणायला वापरतो तीच, जुनी गिअरची. घरात सगळे नको म्हणाले, म्हणूनच गेलो.

वाटेत एक ओढा रस्त्यावरूनच वाहत होता. काठावर हिंजवडीतली चार पोरं मोठाल्या मोटारसायकली घेऊन थांबली होती, अंगात जाकिटं, गुडघ्यांना कवचं. आमची एमएच बाराची पाटी पाहून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काकू, मागे फिरा. हा कात्रजचा घाट नाही."

वैशाली तोंडावरचा स्कार्फ न सोडता म्हणाली, "दिसतंय की. कात्रजला ट्रक असतात, इथे नुसतं पाणी आहे."

आम्ही स्कूटर पाण्यात घातली आणि ती मधोमध बंद पडली. मागे पोरं हसत होती. आम्ही ती ढकलत पलीकडे नेली आणि पुण्यात पूर्वी घरोघरी करायचे तेच केलं. स्कूटर आडवी केली, जरा थांबलो, उभी करून किक मारली. झाली सुरू.

मग म्होरक्या पाण्यात शिरला. त्याचीही मधोमध बंद. चौघांनी ओढून आमच्या काठाला आणली, पण सुरू होईना.

"काकू, आता काय करायचं हो?"

मी म्हटलं, "आडवी कर."

"ही आडवी केली तर परत उचलणार कोण?"

वैशालीने गिअर टाकला. "मग मागे फिरा. हा कात्रजचा घाट नाही."