मेश्रामबाईंचा तिसरा तास

मेश्रामभाऊ, आणि लखनौतल्या माझ्या मराठी मंडळींनो,

हजरतगंजातली ऑफिसं लवकर सोडून तुम्ही मेश्रामबाईंच्या शोकसभेला आलात. मी बोलायला उभा राहिलोय खरा, पण भाषणाची मला सवय नाही. जमेल तसं बोलतो.

मी शाळेत गणित शिकवतो. मेश्रामबाई आमच्या नववीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. तिसरा तास. बाई गेल्या, आणि आठवडाभरात तो तास गणिताला देण्याचं ठरलं. म्हणजे मला. याच तासाबद्दल मला बोलायचंय.

बाई वर्गात मॉनिटरची निवडणूक घ्यायच्या. पहिल्या वर्षी हात वर करून मतं घेतली. मुलांनी आधी ठेकेदाराच्या मुलाकडे पाहिलं, मग हात वर केले. कोण निवडून आला, सांगायला नकोच. स्टाफरूममध्ये बाई स्वतःवरच चिडल्या होत्या. म्हणाल्या, "जोशीसर, चूक माझी. भीती समोर बसवून मी मत मागितलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडणूक. या वेळी मुलांनी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून हात वर केले. निवडून आली रुखसाना. शिंप्याची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. पुढे वर्षभर तिने त्या ठेकेदाराच्या मुलालाही रांगेत उभं केलं.

हेडमास्तरसाहेब म्हणाले होते, "मैडम, बच्चे हैं, अभी से राजनीति क्यों?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, अठारह के होते ही एक रात में थोड़े ही सीख जाएँगे।"

आणखी एक रीत होती त्यांची. वर्गात काहीही ठरवायचं असलं की बाई आधी विचारायच्या, "खिलाफ कौन है? पहले वो बोले." विरोध करणाऱ्याचं सगळे ऐकून घ्यायचे. मगच मत. हे कुठल्या पुस्तकात आहे? आपल्या घरात तरी आहे का?

मला बाईंची फार आठवण येते. पण नुसतं रडून काय होणार?

हेडमास्तरसाहेब पुढेच बसलेत. त्यांना हे मी सकाळीच हिंदीत सांगितलंय. सोमवारी तिसऱ्या तासाला मी वर्गात जाणार, पण गणित घेऊन नाही. नागरिकशास्त्र मला येत नाही, शिकेन. चार लोकांत बोललं की माघार घेता येत नाही, म्हणून इथे बोलतोय.

आता उभे राहूया. दोन मिनिटं शांत राहूया. आणि मौन संपल्यावर, माझं म्हणणं ज्यांना पटलेलं नाही, त्यांनी आधी बोलावं.