पश्चिमेची चटई

सेक्रेटरी : ...आणि कायमची काढा असं मी म्हणतच नाहीये, बाई. फक्त उद्याची दुपार. सुंदर इमारत स्पर्धेचे परीक्षक चारला येतील, समोरून इमारत पाहतील आणि जातील.

बाई : म्हणजे सौंदर्य त्यांनी रस्त्यावरून पाहायचं आणि आम्ही ते आतून सोसायचं. श्रमविभागणी चोख आहे.

सेक्रेटरी : सगळ्या इमारतीला नवा रंग दिला आणि तुमच्या एका खिडकीबाहेर ही चटई लोंबतेय. बरं दिसतं का?

बाई : रंगाचं नाव काढू नका. पश्चिमेच्या भिंतीला चॉकलेटी रंग देण्याचा ठराव तुम्ही टाळ्या वाजवून मंजूर केलात. विरोधात मी एकटी होते. तेव्हापासून ही भिंत दिवेलागणीलाही हात लावू देत नाही.

सेक्रेटरी : मग आतून पडदा लावा ना, जाडजूड!

बाई : लावला होता. जन्मभर पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या बाईला सुचावा तसाच, जाड आणि गडद निळा. ऊन काच ओलांडून त्या पडद्यावर येऊन बसे. आणि एकदा आत आलेलं ऊन तुमच्यासारखंच असतं, मुद्दा संपला तरी उठत नाही. त्याच उन्हाळ्यात हा माझा धाकटा भाऊ याच पलंगावर बेशुद्ध पडला. आजारामुळे त्याच्या अंगाला घामच फुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

भाऊ : अगं ताई, तोंडावर काय...

बाई : तू पडून राहा. बाहेरची चटई ऊन काचेपर्यंत येऊच देत नाही. पहाटे खिडक्या उघडते, ऊन चढायच्या आत लावून घेते. एवढ्यावर हा उन्हाळा काढतोय.

सेक्रेटरी : एसी बसवा हवं तर.

बाई : त्याचं बिल माझ्या पेन्शनीत बसत नाही आणि त्याची पेटी दर्शनी भिंतीवर तुमच्या नियमात बसत नाही.

सेक्रेटरी : मग भाऊंना उद्यापुरतं दुसरीकडे हलवा.

बाई : हलवते. तुमच्याकडे. तळमजला, पूर्वेची खोली, दिवसभर सावली.

सेक्रेटरी : आमच्याकडे उद्या परीक्षकांचं चहापाणी आहे हो...

भाऊ : ताई, चटई गुंडाळ.

बाई : काय बोलतोस तू?

भाऊ : घटकाभरच. एका दुपारच्या उन्हानं काय होतं, ते साहेबांनाही कळू दे. मला ओला पंचा दे, आणि त्यांना ती खिडकीजवळची खुर्ची.

(बाई दोरी ओढतात. चटई वर जाते. सेक्रेटरी खुर्चीत बसतात; हळूहळू ऊन त्यांच्यावर सरकत येतं.)

सेक्रेटरी : खुर्चीचे हात चांगलेच तापले की.

बाई : लोखंडी आहे. उठू नका. उद्या पलंगालाही उठता येणार नाही.

सेक्रेटरी : तो पलंग जरा तिकडच्या कोपऱ्यात...

बाई : तिकडे दार आहे.

भाऊ : साहेब, घामानं निथळताय. नशीबवान आहात. ताई, पंखा त्यांच्याकडे वळव.

बाई : तुझ्यावरचा पंखा हलणार नाही.

भाऊ : वळव गं. पाहुणे आहेत.

सेक्रेटरी : नको, नको... भाऊ, तुमचा चेहरा किती लाल झालाय!

बाई : ही आत्ताशी सुरुवात आहे. उद्या तुमचे परीक्षक येईपर्यंत...

सेक्रेटरी : बाई, चटई खाली आणायला ही दोरी सोडायची, की ओढायची?