बिबड्यांच्या दिवशी नुसतं बसायचं

...नुसतं बसायचं म्हणे! अहो, तुम्हाला सांगते, लेकरू सांभाळायचं म्हणजे नुसतं बसायचं असं जिला वाटतं ना, तिने आमच्या सुलक्षणाला घेऊन अंगणात अर्धा तास बसून दाखवावं, मी तिच्याकडे जन्मभर धुणी धुवीन! सुलक्षणा म्हणजे माझी नात. नऊ महिन्यांची. चालत नाही, उभी राहत नाही, पण रांगते... एक गुडघा टेकवते, दुसरा पाय मागून फरफटत आणते, अन् तुम्ही पदर सावरेपर्यंत साक्रीची एस्टी निघावी तशी निघून गेलेली असते! नाव ठेवलंय सुलक्षणा. लक्षणं मी सांगते, ठरवा तुम्ही.

तर तो होता बिबड्यांचा दिवस. आमच्याकडे उन्हाळा आला की ज्वारीचे बिबडे झालेच पाहिजेत. तीन दिवस ज्वारी भिजवा, दळा, पहाटे अंगणातल्या चुलीवर भलं मोठं पातेलं चढवा, आधणात लसूण, जिरं, तीळ टाका, मग त्यात ते पीठ ओता अन् चाटूने हलवत बसा, हात खांद्यापासून निखळेपर्यंत. पहिलं पातेलं लेकरांसाठी बिनमिरचीचं. शिजलं की ओल्या फडक्यावर थापायचं अन् खाटेवर वाळत टाकायचं. पण शिजलं हे ठरवणार कोण? ओलं बोट पिठाला लावून, चिकटतंय का बघून, "उतरवा" म्हणणार कोण? एक्केचाळीस वर्षं, मी! ताईबाई! गल्लीतल्या बाया फडकी हातात धरून माझ्या बोटाकडे बघत थांबायच्या, काय सांगू...

अन् यंदा डॉक्टरने माझ्या गुडघ्याचा फोटो काढला अन् म्हणाला, "आजी, उकिडवं बसणं बंद." झालं! माझी सून नूतन तयारच, पदर खोचून. "आई, पातेलं यंदा मी बघते. तुम्ही पोरीपाशी थांबा. नुसतं तर बसायचंय!" शेजारची लताबाई फडकं पिळता पिळता वरून म्हणते, "हां अक्का, बठ्ठं व्हई जाई, तुम्ही बसा वं!" सगळं होऊन जाईल म्हणे!

म्हणजे मला काढून टाकलं. कळलं ना तुम्हाला? गोड बोलून, खाली चटई टाकून, हातात लेकरू देऊन काढून टाकलं! खरं सांगते, कुठे बोलू नका, मला मनातून वाटत होतं की बिघडावं. एकच पातेलं. जास्त नाही, थोडंसंच बिघडावं, अन् नूतनने हाक मारावी, "आई, या ना हो, तुमच्याशिवाय जमत नाही." एवढीच इच्छा! पाप आहे का यात?

तर मी बसली. नुसती. चुलीकडे कान लावून. पीठ रटरटायला लागलं की त्याचा आवाज जाड होतो, तो ऐकू येत होता, म्हटलं आता उठावं, सहज जाऊन बोट लावावं, कोण काय म्हणणार आहे? अर्धी उठली नाही तर पोरगी चपलांपाशी! लताबाईची चप्पल दोन्ही हातांनी धरलेली, उलटी करून तळ बघतेय, गिऱ्हाईक बघतं तशी, अन् लागली चाटायला. चप्पल काढून घेतली तर दुसऱ्या पायाची धरली. जोड नको का बघायला?

आणून बसवली. दोन श्वास घेतले. परत उठते, तर ही बादलीपाशी. बादलीच्या कडीला खाली-वर, खाली-वर करतेय, दरवेळी खण वाजतं, अन् दरवेळी माझ्याकडे असं बघतेय जसं काही मीच वाजवली! मग मुंगळा दिसला. त्याच्या मागे पोटावर पडून, नाक जमिनीला लावून... मुंगळा वळला की ही वळते. मुंगळ्याला बिचाऱ्याला घर आठवेना! अन् तिकडून नूतन, "आई, बऱ्या आहात ना? आराम करा!"

आराम! समाधान, म्हणजे माझा मुलगा, याच वयाचा होता ना, तेव्हा मी काय केलं होतं माहितीये? जुनं लुगडं घेतलं, एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं खाटेच्या पायाला, अन् तीन पातेली उतरवली त्या दिवशी. तो खाटेभोवती फिरून फिरून आपोआप गुंडाळला जायचा अन् झोपून जायचा. आता बांधून बघा बरं! सून मोबाईल उघडून दाखवेल की असं केल्याने लेकराची हुशारी कमी होते. समाधान शेजारीच उभा असतो तेव्हा, मी काही बोलत नाही...

अन् तेवढ्यात ऐकू आलं, "उतरवा!" नूतनचा आवाज. बोट तिचंच, निकाल तिचाच. मला विचारलंसुद्धा नाही! मी तिकडे बघत राहिली, पातेलं उतरलं, बाया थापायला लागल्या, सर्रसर्र दोनशे बिबडे खाटांवर पडले, गोल, पातळ, तुम्हाला खोटं कशाला सांगू, चांगले पडले. आता डोळ्यांत पाणी आलं ते धुराने, चूल जवळच होती. डोळे पुसून बघते तर चटईवर पोरगी नाही!

कुठे असेल? खाटेखाली! वरून फडकं लोंबत होतं, ते ओढून ओढून हिने एक ओला बिबडा खाली पाडलेला, अन् मांडीवर घेऊन, मन लावून, तोंडात कोंबतेय. हाक मारली तर आणखी आत सरकली. आता मी काय करणार? उकिडवं बसायचं नाही म्हणून पडली सपाट, आडवी, अन् गेली सरपटत खाटेखाली. आजी अन् नात, समोरासमोर, पोटावर. नुसतं बसायचं म्हणे! तिच्या तोंडात बोट घालून गोळा काढला. टाकू कुठे? एक हात अंगाखाली, दुसरा तिच्या मुठीत. टाकला आपल्याच तोंडात.

अन् काय सांगू... अळणी! मिठाचा कण नाही!

अहो, माझं वय वीस वर्षांनी कमी झालं. गुडघा दुखायचा थांबला. खाटेखालीच हसली मी! म्हटलं आता निघते बाहेर, सगळ्या बायांसमोर नुसता एक बिबडा लताबाईच्या हातात देते, "चाख" म्हणते... अन् मग हसू जागच्या जागी विरलं. कारण मीठ घालतं कोण? मीच की! दरवर्षी पहाटे, कोणी उठायच्या आत, पहिल्या आधणात माझ्या मुठीने. कोणाला सांगितलं नाही, दाखवलं नाही, पुढच्या पातेल्यांतही पदराआडूनच टाकायची. असू दे म्हटलं आपल्यापाशी काहीतरी. अन् त्या दिवशी पहाटे बरणी उघडली होती, मूठ भरली होती, तर झोळीत ही रडली. मूठ बरणीत सोडली अन् धावली. राहिलं ते राहिलंच.

पोरीला घेऊन सरपटत बाहेर आली, तर नूतन घामाने निथळत उभी होती, तोंडावर असा आनंद, पहिलं पातेलं एकटीने उतरवलं म्हणून. लताबाई म्हणत होती, "मस्त शे वं नूतन!" हीच लताबाई संध्याकाळी चाखणार होती, अन् दिवा लागायच्या आत साऱ्या गल्लीत नूतनचा अळणी बिबडा. मी गप्प राहिली असती तर पुढच्या वर्षी पातेलं माझं! नुसतं गप्प राहायचं होतं. पण ती पोरगी माझी नाकातली चमकी धरून लोंबकळत होती, अशात गप्प राहता येतं का माणसाला?

म्हटलं, "नूतन, बिबड्यात मीठ नाही. मी विसरली."

"तुम्ही?" ती म्हणते. "आई, मीठ तुम्ही घालता? अहो, मागच्या वर्षी तुम्ही सांगितलेलं सगळं मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय. आता परत बघितलं, त्यात मीठच नाही!"

"नसेलच," म्हटलं. "सांगितलं असतं तर लिहिलं असतंस ना?"

लताबाई हसून हसून पिठात पडायची बाकी. "अक्का, तुम्ही तर सोनारनं गुपित ठेवं!" सोनारासारखं गुपित ठेवलं म्हणे! नूतन मात्र हसली नाही. माझ्याजवळ आली, हात पुढे केला, म्हणाली, "दाखवा किती." दाखवलं. दुसऱ्या आधणाला माझ्या तीन मुठी, तिची मूठ मोठी, म्हटलं तू अडीचच घाल. घातलं तिने, माझ्यासमोर. अन् ते पातेलं शिजत आलं तेव्हा हाक मारली हो, खरंच मारली, "आई, या, बोट लावा."

गेली मी. सगळ्या बाया थांबल्या. पण कडेवरच्या बाईसाहेबांनी माझं तेच बोट तोंडात घालून हिरड्यांनी असं दाबून धरलं होतं की सुटेना. काढलं तर भोकाड. म्हटलं, "नूतन, लाव बाई तूच. तुझंही ओलंच आहे."

अन् ते अळणी दोनशे? संध्याकाळी समाधान घरी आला, ऐकून म्हणतो, "फेकता कशाला? पोरीला वर्षाची होईपर्यंत मीठ द्यायचं नाही, अन् आई, तुझं बीपी वाढलंय, तुलाही मीठ बंद सांगितलंय. तुम्ही दोघी खा." सून म्हणते, बरोबर! झाला कारभार. वेगळा डबा केला, झाकणाला लाल दोरा बांधला, आमच्या दोघींचा. आता बिबडा भाजला की कसा होतो, ठाऊक आहे ना? कडक! खाताना तिसऱ्या घरात कुर्रकुर्र ऐकू जातं. अन् खाणाऱ्या कोण? एकीला दात यायचेत, अन् एकीचे येऊन गेले!