मार उडी, मी झेलतो!

बसा, बसा मंडळी! आयांनो, पोरं मांडीवर घ्या, म्हणजे मागच्यांना जागा होईल. आणि तबलेवाले, जरा हात आवरा! मला एक सांगा: आपल्या हातून चूक झाली की स्वर्गातला देव काय करतो? छडी शोधतो? "सांगितलं होतं ना!" म्हणतो? बोला की! गप्प का? म्हणजे तसंच वाटतं तुम्हाला!

हनोख साळव्यांनाही तसंच वाटायचं. प्रवरेकाठच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी होते हे. वय पन्नाशीचं, मिशी झुपकेदार, आणि पोट — काय सांगू! — देवळात आधी पोट शिरायचं, मग सेक्रेटरी! प्रार्थना करायचे तीसुद्धा फौजदाराला अर्ज द्यावा तशी: "हे महाप्रतापी, सर्वाधिकारी, दंडकर्त्या..." पदव्या संपेपर्यंत निम्मे लोक घोरायला लागलेले! पण 'बाप' हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही.

नाताळ आला. देवळाच्या पत्र्यावर चांदणी बांधायची होती. हनोखांनी शिडी लावली. तेवढ्यात त्यांचे वडील, लेवीआबा, काठी टेकत आले. ऐंशीचे आबा! वारा सुटला तर धोतरासकट उडतील असे! म्हणाले, "हनू, शिडी किडलीय रं. नको चढू."

"आबा, तुम्हाला काय कळतंय? घरी बसा गुमान!"

चारचौघांत हो! बापाला!

आबा काठी टेकत माघारी वळले. हनोख चढले. पत्र्यावर पाय ठेवला आणि — कडाड्! शिडी मोडून खाली! गावात दुसरी शिडी नाही!

बायबलातला हनोख आठवतो ना? देवानं जिवंतपणीच वर नेला, तो परत आलाच नाही! खालून सुवार्ताबाई ओरडल्या, "अहो सेक्रेटरी, तुम्हीपण तिकडंच निघालात का?" झालं, हशा पिकला! इकडं दुपारच्या उन्हानं पत्रा तापलेला. सेक्रेटरी एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर!

मनात म्हणाले, 'झाली शिक्षा! बापाला टाकून बोललो, देवानं शिडीच मोडली!' घाईघाईनं प्रार्थना सुरू केली — "हे महाप्रतापी —" करकर! पत्रा वाकला! पुढची पदवी घशातच अडकली!

खाली बघतात तर आबा येतायत. हनोखांनी डोळेच मिटले. आता बोलणार! सगळ्या गावासमोर बोलणार!

आबांनी काठी फेकली. धोतर खोचलं. पत्र्याखाली उभे राहिले, आणि दोन्ही हात पसरले. हात कसले, शेवग्याच्या शेंगा!

"हनू! मार उडी! मी झेलतो!"

तुम्ही हसताय, गाव तर लोळलं! हनोखांची बायको दीनाबाई किंचाळली, "मामंजी, सरका! भाकरी होईल तुमची!" लोक ओढायला गेले, पण आबा हलेनात. "माझं पोर हाय वर!"

हनोखांना आधी हसू फुटलं. मग रडू. "आबा... चुकलो मी!"

"ते मागनं बोल! आधी खाली ये!"

कुणीतरी कडब्याची गाडी आणली. पेंढ्यांचा ढीग रचला. तर आबा त्या ढिगावरच चढले, हात पसरून! दोघांनी धरून कसंबसं कडेला नेलं, तेव्हा हनोखांनी उडी मारली — धप्प! सेक्रेटरी कडब्यात गडप! आबा हिसडा देऊन सुटले ते थेट कडब्यात, डोकं आत, पाय वर! सगळे धावले. मग कडब्यातून आबांचं डोकं बाहेर आलं.

"हनू, लागलं का रं?"

बस्स! शिडीचं नावसुद्धा नाही!

पुढच्या रविवारी हनोख प्रार्थनेला उभे राहिले. लोक घोरायच्या तयारीनं बसले. हनोख म्हणाले, "बापा..." आणि तेवढंच म्हणून खाली बसले. त्या दिवशी कुणी घोरलं नाही, मंडळी.

आता सांगा, आबांच्या हातांत बळ होतं? छे! तरी ते हटले का? मग ज्याच्या ओंजळीत आभाळ मावतं, तो बाप हटेल? त्याचं प्रेम किती रुंद हात पसरतं, ते बघायचंय? वधस्तंभावर पसरलेले येशूचे हात बघा! आणि तुम्ही? 'चुकलो, आता तोंड कसं दाखवू,' म्हणत अजून किती दिवस वरच बसणार? या की खाली! बाप उभा आहे!