नऊ इंची भिंतीतलं दार

...आणि वर त्या अस्वलाच्या कानामागे पेन्सिल! आता तुम्हीच सांगा, अस्वलाचा कान केवढा, त्यामागे पेन्सिल राहील का, आणि राहिली तरी एवढ्या केसांत परत सापडेल का? पण नाही, सगळं थिएटर हसतंय, शेजारच्या खुर्चीतली सात वर्षांची पोर हसतेय, आमची ही तोंडाला रुमाल लावून हसतेय, आणि मी एकटा गप्प. कारण ते अस्वल कोण, हे मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं. ते अस्वल मी. तशीच दुमडायची फूटपट्टी खिशात, तसाच तिरका चष्मा, आणि कोणी कामाची तारीफ केली की माझ्यासारखंच 'हं' म्हणून पाठ फिरवायची. मी सुतार माणूस, मापाबाहेर बोलत नाही, पण पोट एवढं मोठं काढायचं कारण नव्हतं.

काढलं कोणी? आमच्या पोरीने. एकुलती एक. कार्टूनच्या सिनेमात काम करते, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून अस्वलं चालवते. नऊ वर्षांपूर्वी ती हे शिकायला निघाली, तेव्हा मी एकच वाक्य बोललो होतो, की कागदावरच्या घरात कोणी राहायला जात नाही. झालं. तेव्हापासून फोन करते तो आईला, आणि मला विचारते ते फक्त गुडघ्यांबद्दल. गेल्या आठवड्यात स्वतः आली, टेबलावर तिकिटं ठेवली, म्हणाली, "अप्पा, ह्यातली गोष्ट माझी आहे. बघा आणि काय वाटलं ते सांगा." ती गेल्यावर ही मला म्हणते कशी, "एक चांगला शब्द बोला तिच्याशी. एकच. नाहीतर ती गुडघ्यांचंही विचारायची बंद होईल."

म्हणून गेलो. नाहीतर मी काय सिनेमा बघणारा माणूस?

तर ते अस्वल पडद्यावर दार बनवायला बसतं. रंधा उलटा धरतं. मी दात-ओठ खाऊन सोडून दिलं. करवतीला दातच नाहीत, तेही सोडलं. पण मग त्याने बिजागऱ्या लावल्या डाव्या बाजूला, आणि मूठ? मूठपण डाव्याच बाजूला! अहो, बिजागरीच्या कडेला मूठ लावून दार ओढेल कोण? उभा राहिलो आणि म्हणालो, "अरे, मूठ उजवीकडे." सगळं थिएटर वळून बघायला लागलं. ही माझा शर्ट ओढतेय, "अहो, बसा, ते अस्वलाला ऐकू जात नाही." शेजारची पोर म्हणते, "आजोबा, ते त्याचं दार आहे, त्याला हवं तसं लावू दे की."

आणि मी बसलो. कारण ते दार मी ओळखलं.

तुम्हाला सांगतो, पोरगी सहा वर्षांची असताना एकदा जेवायची बंद झाली. का, तर म्हणे, "अप्पा, भिंतीच्या आत माणसं अडकलीत. त्यांना बाहेर यायला दार नाही. ती उपाशी आहेत." मी म्हणालो, भिंत नऊ इंची आहे, नऊ इंचात माणूस मावत नाही. ती म्हणाली, "मावतात, ती अंग तिरकं करून चालतात." दुसऱ्या दिवशीही जेवेना. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पलंगाशेजारी दोन फुटी दार बसवलं. तिच्यासाठी नाही हं. भिंतीला ओल होती, ती झाकायला. मी सुतार माणूस, मापाबाहेर बोलत नाही. ही मात्र अजून म्हणते, "ओल पलीकडच्या भिंतीला होती." असेल. मूठ लावायची वेळ आली, तर पोरगी माझ्या मांडीत बसली आणि बोट ठेवलं बिजागरीच्या बाजूला. "इथे." मी म्हणालो, इथे चालत नाही. "त्यांचा हात इथेच पोचतो, अप्पा." पन्नास वर्षांच्या कामात, गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं तरी, एक सूत इकडचं तिकडे केलं नाही मी. आणि लावली मूठ. इथे.

ते दार कधी उघडलं नाही. उघडणार कुठे? मागे भिंत, खिळे ठोकून बसवलेलं. तरी ती रोज सकाळी ते ठोठावायची आणि पुढ्यात भाकरीचा तुकडा ठेवायची. मुंग्यांची चैन झाली वर्षभर.

आणि पडद्यावर त्या अस्वलाच्या पिल्लाने चुकीच्या बाजूची ती मूठ धरली, ओढली, आणि दार उघडलं. आतून एकेक माणूस अंग तिरकं करून बाहेर यायला लागला. शंभरेक असतील. सगळी त्या अस्वलाला वाकून नमस्कार करतात आणि अस्वल म्हणतं, 'हं.'

माझ्या डोळ्यांत भुसा गेला. ही म्हणते, "थिएटरात कुठला भुसा?" असतो. मी सुतार माणूस.

बाहेर आलो, तर पोरगी जिन्यापाशी उभी. नखं खातेय. तिशी ओलांडली, नखं खाते. "अप्पा, कसा वाटला?" हिने मागून कोपर मारलं. चांगला शब्द मी आत बसूनच तयार केला होता हो, अगदी घासून-पुसून. तोंड उघडलं आणि निघालं काय? "रंधा उलटा धरलाय." हिने कपाळाला हात लावला. पोरीने मात्र पिशवीतून वही काढली. "आणखी?" करवतीचं सांगितलं, तिने लिहिलं. पोटाचं सांगितलं, तेही लिहिलं. मग खालमानेनेच म्हणाली, "आणि दाराची मूठ?"

म्हटलं, "मूठ बरोबर आहे. तिला हात लावायचा नाही."

तिची पेन्सिल थांबली. मग नाक पुसत म्हणाली, "अप्पा, पुढच्या सिनेमात अख्खं गाव बांधायचंय, लाकडाचं. हत्यारं कशी धरायची ते तुम्ही दाखवायचं, आणि पूर्ण झाला की सगळ्यांत आधी तुम्ही बघायचा. कबूल?"

म्हटलं, कबूल. किती दिवसांचं काम?

"चार वर्षं तरी लागतील."

आता मी ऐंशीला टेकलेला. सगळी बांधाबांध झालेली, कोणाचं काही राहिलेलं नाही, निवांत जायचं ठरवून बसलेला माणूस... आणि शब्द देऊन बसलो! चार वर्षं आता मरायचीसुद्धा सोय राहिली नाही.