पिशाच्चाचं घड्याळ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ नंबराची वाट बघत होते. समोरच्या टीव्हीवर जुनी रक्तपिपासूंची मालिका लागली.

“ताई, हीच ना ती? काय भंगार होती गं!”

“भंगार म्हणे! एक भाग सोडायचा नाहीस.”

“तीनशे वर्षांचं पिशाच्च, आणि मनगटावर घड्याळ!”

“तेही बंद. कायम सव्वाचार. बाबा पडले घड्याळं दुरुस्त करणारे! म्हणायचे, ‘दुकानात आण म्हणावं त्याला, फुकट चालू करून देतो.’”

“एवढी नावं ठेवायचे, तरी दर आठवड्याला हजर!”

“तू घाबरून त्यांच्या मांडीत शिरायचास ना.”

“मग?”

“मग काय. तू भ्यायचं सोडलंस, त्याच आठवड्यात त्यांनी मालिका सोडली.”