लाल दांडा अडकला होता

नाही, नाही, ते टेबलावर काढू नकोस — पिशवीतच राहू दे. ओळखलं मी. दूतावासाच्या दाराचा लाल दांडा, तुम्हीच बसवलेला, आता तुम्हीच सोडवून आणलेला. दोनशे वेळा ओढून बघितलास? आणि एकदाही अडकला नाही? बरं, मग? दोनशे एकाव्या वेळी अडकला असेल! चौकशीत मी तेच सांगितलंय, खाली सही केलीय. तुमच्या विद्यापीठानं तुम्हा चौघांना काढलं, त्याला मी काय करू?

बस आता, आलीच आहेस तर. ताई औषधं आणायला गेलीय. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण — आणि फाटकावर माझ्या जोडीचा जो पहारेकरी गेला तो तिचा नवरा, माझा दाजी. हे ठाऊक नव्हतं ना? कसं असेल! पहारेकऱ्यांना कोण विचारतं — साहेबांनी अडचण सांगायची, तुम्ही पोरांनी परीक्षेच्या आत तोड काढायची, असं ते तुमचं काम. जमाव घुसला की आतलं दार आपोआप बंद, आणि आपलं कुणी बाहेर राहिलंच तर आतून हा दांडा खाली ओढायचा, की दार उघडतं. पण खोटं कशाला बोलू — तू आली होतीस फाटकावर, घड्याळ घेऊन. विचारलंस, काका, इथून दारापर्यंत पळायला किती वेळ लागतो? आणि मी मूर्ख, पळून दाखवलं! चिलखत काढून, बंदूक दाजीकडे देऊन. आठ सेकंद. दाजी पोट धरून हसला. तुझ्यासमोर म्हातारा दिसायला नको, दुसरं काय? आणि तू आठ लिहून घेतलेस, दार तेवढ्यातच बंद होईल असं लावलंस. अगं, अंगावर एवढं ओझं, त्यात गुडघा दुखरा — दाजी आठात पोचतो होय? एवढं शिकलीस आणि एवढं विचारायचं सुचलं नाही?

भर सकाळी अकराला फाटक पाडलं जमावानं. मी पुढे होतो, आत आलो. वळलो तर दार लागलेलं आणि दाजी काचेपलीकडे, दोन पावलांवर — दोनच पावलं गं! दोन्ही तळव्यांनी काच बडवत होता. ती जाड काच, आवाज आत येईना, नुसतं तोंड हलताना दिसायचं. पहिला गज कोपरावर बसला, हात उलटाच वळला. दुसरा तोंडावर. दात काचेवर आपटले, रक्ताचा ओघळ आला, आणि हा त्या रक्तातूनच माझ्याकडे बघतोय. मग एकानं केस धरून त्याला मागे खेचलं, दुसऱ्यानं फरशी उचलली — एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा मारायची गरजच नव्हती, तरी मारली. मागे जिन्यावरून साहेबलोक ओरडत होते, उघडू नको, उघडू नको — अरे, मी कुठे उघडत होतो! तुमचा दांडा एवढा हलका, नुसता हात टेकला तर खाली यायला लागला, म्हणून तर मी तो वर रेटून धरला, दोन्ही हातांनी, अंगातली सगळी ताकद लावून —

काय बघतेस?

हो. वर. खाली नाही. ऐकलंस ना, मग पुन्हा कशाला विचारतेस? आणि साहेबांना वाचवायला वगैरे नाही हं, त्यांची आठवणही नव्हती मला. मी घाबरलो. पुढचा गज माझ्यावर येणार, एवढंच डोक्यात होतं. बावीस वर्षं फाटकावर उभा आहे मी, लोक मला धीराचा गडी म्हणतात!

दांडा अडकला नव्हता असं लिहून आणलेला तो कागद आत ठेव. सही नाही करणार मी — रड, ओरड, काय वाटेल ते कर. तुझं वर्ष बुडालं, नाव खराब झालं, कळतंय मला, सगळं कळतंय. पण ताई रोज संध्याकाळी मला वाढते. वर म्हणते, तू तरी वाचलास रे. तुम्ही शिकलेली पोरं, दुसरं यंत्र बनवाल. मी दुसरी बहीण कुठून आणू?

ऊठ. मागच्या जिन्यानं उतर, ती पुढून येते. कोण आलं होतं विचारलं, तर पत्ता चुकलेलं कुणीतरी, म्हणेन. जा म्हणतो ना!